कोंढ्याचा रस्ता आणि दिल्लीची तिजोरी

पवनी तालुक्यातील कोंढा हे धानाच्या मुलखातले गाव. कोसऱ्याच्या जोडीनेच त्याचे नाव पंचक्रोशीत घेतले जाते. या भागात पावसाळा लागला की रोवणीच्या धांदलीबरोबरच रस्त्यांची चिंताही सुरू होते. पांदणीत चिखल होतो, मोऱ्या वाहून जातात, आणि खचलेल्या रस्त्याविषयी ग्रामसभेत दरवर्षीचीच चर्चा होते. तिचा शेवटही ठरलेला असतो. केंद्राकडून निधी आणला पाहिजे, असे कोणीतरी म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि एक निवेदन तयार होते. हे निवेदन बहुधा लोकप्रतिनिधींच्या हाती पडते आणि तेथेच विसावते. त्याचे कारण केवळ दिल्लीची अनास्था हे नव्हे. केंद्राचा पैसा कोणत्या रस्त्याला मिळतो आणि कोणत्या नाही, याचे नियम ठरलेले आहेत. निवेदन लिहिणाऱ्यांना ते क्वचितच माहीत असतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. केंद्राचा निधी म्हणजे दान नव्हे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील रस्त्यांविषयी एक समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर जयकर ते हेच. रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना झेपणारा नाही, मोटारी जे इंधन जाळतात त्यावर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांनाच द्यावा, अशी शिफारस या समितीने केली. तिला अनुसरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. २००० सालच्या कायद्याने या निधीला नवे रूप दिले, आणि डिझेलवरील उपकराचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी ठरवून दिला. २०१८ मध्ये निधीचे नाव बदलले, व्याप्ती वाढली, रेल्वे व जलमार्ग यांसारखी कामेही त्यात आली. तथापि मूळ तत्त्व कायम आहे. कोंढ्याचा शेतकरी नांगरणीसाठी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो तेव्हा तो या निधीत भर घालतच असतो. शिवाय उपकराचे उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यायच्या करांत मोजले जात नाही. ते सारे केंद्राकडे जाते. तेव्हा त्यातून गावाने वाटा मागणे यात याचनेचा काही भाग नाही.

परंतु मागणी करण्यापूर्वी रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, बाकीचे रस्ते राज्यांचे. रस्त्यांची ही प्रतवारी जेथे निश्चित झाली ते नागपूर भंडाऱ्याच्या शेजारचेच. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड त्यांनी आखली. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे त्या योजनेचे एक उद्दिष्ट होते. आज महाराष्ट्रात साधारणतः वरच्या श्रेणीचे मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे आहेत. एखादा रस्ता कोणत्या वहीत नोंदला आहे, यावर त्याचे भाग्य अवलंबून असते. ज्या पांदणीची कोणत्याच वहीत नोंद नाही तिला कोणीच वाली नाही.

मालकी बदलली की काय होते, याचा धडा या जिल्ह्याने तलावांच्या बाबतीत घेतलेला आहे. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, गावकऱ्यांनी बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या राखले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तिचे जाणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे ही कामे कोणाची, हे गावाला कळेनासे झाले. रस्त्याचे तसे होऊ द्यायचे नसेल तर बांधणीच्या पैशाइतकाच देखभालीच्या पैशाचा विचार आधी झाला पाहिजे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २५ डिसेंबर २००० रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा तिचा सर्व खर्च केंद्र करीत होते. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असे प्रमाण झाले. मैदानी भागात ५०० वा अधिक लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा, हा तिचा मूळ निकष. त्याचा अर्थ असा की ज्या गावाला एका बाजूने पक्का रस्ता आहे त्याला दुसऱ्या बाजूचा रस्ता या निकषावर मागता येत नाही, मग शाळेतील मुले त्या दुसऱ्याच बाजूने का येत असेनात. २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात बाजारपेठा, शाळा व दवाखाने यांना जोडणारे मार्ग सुधारण्याची तरतूद आली. २०२४ मध्ये मंजूर झालेला चौथा टप्पा पुन्हा न जोडलेल्या २५,००० वस्त्यांचा आहे, आणि त्यासाठी २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला आहे. बांधलेल्या रस्त्याची पाच वर्षे देखभाल कंत्राटदाराने करावयाची असते. सहाव्या वर्षी काय, हे सांगायला दिल्लीहून कोणी येत नाही.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचा संकल्प आहे. खर्चाचा निम्मा भार केंद्राचा, निम्मा राज्याचा. गावातील कामांच्या खर्चात गावानेही साधारण दहा टक्के लोकवर्गणी द्यावी, अशी अपेक्षा आहे. नळजोडणीचा समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. पण पंपाचे विजेचे बिल महिन्याच्या महिन्याला ग्रामपंचायतीच्याच दारी येते. पाणीपट्टी थकली की वीज तुटते, आणि कोट्यवधींची योजना काही हजारांपायी कोरडी पडते.

खासदार निधीविषयी गावोगाव फार आशा असते. वर्षाचे पाच कोटी रुपये ऐकायला मोठे वाटतात. भंडारा-गोंदिया मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला एक कोटीही पुरते येत नाही. त्यात एक-दोन सभामंडप झाले की शिल्लक किती राहणार? केंद्राने हात दिला म्हणजे काम वेगाने पुरे होते, असेही नव्हे. याच पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये झाले. ३७२ कोटींचा मूळ अंदाज पुढे १८ हजार कोटींपलीकडे गेला. २००८-०९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, ९० टक्के साहाय्याची वाट मोकळी झाली, तरी कालव्यांची व वितरिकांची कामे त्यानंतरही वर्षानुवर्षे चालूच राहिली.

गावाच्या हाताशी असलेला खात्रीचा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. त्याला निवेदन लागत नाही, शिष्टमंडळ लागत नाही. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले. त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेले, ४० टक्के मोकळे. हिशेब तपासून जाहीर करणे ही त्याची अट. या पैशाचा आराखडा ग्रामसभेत ठरतो, आणि त्या सभेला गावातील किती शिक्षक, किती पदवीधर बसतात, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. अंदाजपत्रक वाचता येणारी, रस्त्याचा क्रमांक शोधून काढणारी, कोणती मोरी कोणत्या निकषात बसते हे टिपून ठेवणारी दोन-चार माणसे त्या सभेत असली तर सचिवाच्या हातचा आराखडा डोळे मिटून मंजूर होणार नाही. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ २०२६ पासून २०३१ पर्यंतचा आहे. कोंढ्याच्या ग्रामसभेपुढे या पाच वर्षांचे आराखडे येतील तेव्हा गावातील प्रत्येक रस्त्याची नोंद कोणत्या वहीत आहे, याची यादी सभेच्या टेबलावर असावयास हवी.