जुना संगणक आणि वेगाचा मोह

इंजिनास ठरवून दिलेल्या फेऱ्यांहून तें अधिक जोरानें पळवूं नये, हें आपल्या शिवाजी उद्यमनगरांतील कोणताही मिस्त्री सांगेल. संगणकाच्या प्रोसेसराचेंही तसेंच आहे. त्याचा वेग नेमल्याहून वाढविणें यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

१९९८ सालचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए पुष्कळांनीं ४५० वर चालविला, हें खरें. पण तो भार पेलणारे मदरबोर्ड तेव्हां मिळत होते. साध्या बोर्डाची गोष्ट निराळी. प्रोसेसरास लागणारी वीज मुख्यतः वेगाच्या व व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग २० टक्के व व्होल्टेज १० टक्के वाढविल्यास १.२ × १.२१, म्हणजे सुमारें ४५ टक्के वीज अधिक लागते व उष्णताही तितकीच वाढते. प्रोसेसरावर पंखा असतो. त्यास वीज पुरविणाऱ्या बोर्डावरील भागांवर पुष्कळदां साधी धातूची पट्टीही नसते. ते करपतात, कपॅसिटर फुगतात, संगणक मध्येंच बंद पडतो, किंवा मुकाट्यानें चुकीचे आंकडे लिहून ठेवतो. ही शेवटची हानि सर्वांत वाईट, कारण ती उशिरां कळते.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, घरांतील एकुलता एक संगणक पणास लावूं नका. आधीं पंख्यांतील धूळ काढा. मग मेमरी वाढवा, जुन्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसवा. मंदपणाचें मूळ बहुधा तेथेंच सांपडेल.