आणि मग पुढं काय झालं?

ग्रंथालयाच्या कपाटांवर पूर्वी दोन चिठ्ठ्या हमखास दिसायच्या. एक ‘पौराणिक’ आणि दुसरी ‘रहस्यकथा’. पहिल्या कपाटापुढं वडीलधारी मंडळी, तर दुसऱ्यापुढं कॉलेजातली मुलं. आमच्या पाटणमध्येही काही वेगळं नव्हतं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास यांच्यासाठी पोरांचे नंबर लागत. खून कुणी केला, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नसे आणि तोवर जेवणाचं ताट निवून जाई.

पौराणिक पुस्तकाचं मात्र उलटं. रामायणाचा शेवट कुणाला ठाऊक नाही? कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, हे तर लहान पोरही सांगेल. मग अशा पुस्तकात उत्कंठा येते कुठून? या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर मला पुण्याच्या कविता काणे यांच्या पुस्तकांत सापडलं.

मुंबईत जन्मलेल्या कविताताईंचं बालपण पाटणा, दिल्ली आणि पुणे इथं गेलं. (ते पाटणा बिहारचं. आमच्या पाटणशी त्याचा संबंध एका काना-मात्रेपुरताच!) फर्ग्युसनमधून शिक्षण घेऊन त्यांनी वीसएक वर्षं पत्रकारिता केली आणि २०१३ साली त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी ‘कर्णाज वाइफ’ प्रसिद्ध झाली. वय सत्तेचाळीस. ज्या वयात आपल्याकडच्या बायका ‘आता काय राहिलंय’ म्हणायला लागतात, त्या वयात या बाईंनी नवा डाव मांडला. पुढच्याच वर्षी लक्ष्मणाची पत्नी ऊर्मिला आली. मग मेनका, शूर्पणखा, सत्यवती, २०१९ साली अहल्या आणि २०२१ साली सरस्वती.

ही नावं नुसती वाचली तरी एक गोष्ट ध्यानात येते. या सगळ्या कथेच्या कडेला उभ्या असलेल्या बायका आहेत. पहिल्या कादंबरीतली उरुवी तर महाभारतात नाहीच, ती लेखिकेनं कल्पिलेली आहे. यावर काही जाणकार नाकं मुरडतात. पण ‘मृत्युंजय’मधल्या वृषालीला शिवाजी सावंतांनीही आपल्या कल्पनेनंच बोलतं केलं होतं, आणि तिच्यासाठी महाराष्ट्र रडला. पुराणकथेला नवा धागा जोडायची आपली रीत जुनीच आहे.

त्याआधीही आपल्याकडे बायकांनी महाभारताला प्रश्न विचारले. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ १९६२ सालचं, तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ १९६७ सालचं. ‘मृत्युंजय’ही त्याच १९६७ सालचं. पण आमच्या खोऱ्यात १९६७ साल म्हटलं की पुस्तकं आठवत नाहीत, आठवतो तो ११ डिसेंबरच्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. मी तेव्हा पाळण्यात होते. त्याविषयी पुढं सांगतेच.

आता रहस्यकथेचा धागा पाहा. ‘लंकाज प्रिन्सेस’ ही शूर्पणखेची कादंबरी. रावणानं आपल्याच बहिणीच्या नवऱ्याला, विद्युज्जिव्हाला मारलं, हा उल्लेख उत्तरकांडातच आहे. कीर्तनात तो क्वचितच येतो. काणे यांनी तो हेरला आणि त्यातून सूडकथा उभी केली. लंका जळाली हे आपल्याला माहीत असतं, पण त्यामागची सूत्रं कुणाची, हे मात्र आपण पान उलटून शोधत राहतो. खून कुणी केला, हा रहस्यकथेचा प्रश्न. इथे प्रश्न असा, की घटना घडली तेव्हा घरातली बाई कुठं होती आणि तिला कुणी काही विचारलं का?

हा प्रश्न आमच्या घरात किती खोल रुतलेला होता, ते मला ‘सीताज सिस्टर’नं दाखवलं. पाटण-जावळीच्या डोंगरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. बायका सासरी मागं राहिल्या. माझे वडील गिरणीत होते. लग्नानंतर सतरा वर्षं, म्हणजे १९८२ चा संप होईपर्यंत, आई गावी आणि ते गिरणगावात. गणपतीला आणि गावच्या जत्रेला यायचे, तेवढाच काय तो संसार.

आईला इंग्रजी येत नाही. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून रोज दुपारी चार-पाच पानं मराठीत सांगत वाचायचे. राम-लक्ष्मण वनात गेले, सीता गेली, ऊर्मिला अयोध्येत राहिली. पुत्रधर्म आणि बंधुधर्म सगळे सांगतात, पण नवऱ्याचा बायकोविषयी काही धर्म असतो की नाही, असं ऊर्मिला विचारते, तिथं मी थांबले. आई म्हणाली, “लक्ष्मण चौदा वर्षं झोपला न्हाई म्हंत्यात. ही तरी कुठं झोपली असंल?”

आणि मग ती बोलू लागली. भूकंपाच्या पहाटे मला उचलून ती शेतात पळाली. मागची भिंत पडली. आईला लिहिता येत नव्हतं, पत्र शेजारच्या मुलानं लिहिलं. त्यात तिनं भिंतीचा शब्दही घालू दिला नाही, वडिलांना मुंबईत घोर नको म्हणून. मी पन्नाशी ओलांडली तरी हे मला ठाऊक नव्हतं. वडील आता नाहीत. त्यांना ते कधीच कळलं नाही.

रवींद्रनाथांनी ऊर्मिलेला काव्यातली उपेक्षिता म्हटलं, मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला जागा दिली. पण जात्यावर बसून सीतेची कड घेणाऱ्या आपल्या बायका त्याच्या कितीतरी आधीच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. गावोगावच्या बायकांनी त्यांत सीतेच्या वनवासाचं दुःख आपलं म्हणून गायलं आहे. ही परंपरा आज इंग्रजी कादंबरीत जाऊन बसली, याची थोडी रुखरुख मला वाटते. जिची गोष्ट, तिलाच ती वाचता येऊ नये? पण यावरचा उपाय आपल्याच हातात आहे. घरात इंग्रजी वाचणारं कुणी ना कुणी असतंच. त्यानं दुपारी अर्धा तास आईजवळ, आजीजवळ बसावं.

आमच्या घरी आता शूर्पणखा चालू आहे. काल पुस्तक मिटलं तेव्हा आईनं विचारलं, “आन् मग पुढं?”

लंकेचं काय झालं, हे तिला ऐंशी वर्षं ठाऊक आहे. तरीही विचारते आहे.