शंख म्हणजे घर नव्हे

गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते, असं आपण मुलांना सांगतो. चित्रांच्या पुस्तकांत ती कधी शंखातून बाहेर पडून फेरफटका मारते, तर कधी जुना शंख लहान झाला म्हणून नवा शोधते. मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाच्या प्राण्यांविषयीच्या गैरसमजांची सुरुवात या गोड कल्पनेपासून होते. शंख हा गोगलगायीच्या शरीराचाच एक भाग आहे. तो सोडून तिला कुठेही जाता येत नाही.

गोगलगाय असो, तिसरीसारखा शिंपला असो की माकूल, या साऱ्यांच्या अंगावर प्रावार नावाचा मऊ पडदा असतो. त्या पडद्यातल्या पेशी कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रथिनं स्रवतात आणि त्यातून कवच घडतं. गोगलगाय अंड्यातून बाहेर येते तीच इवलासा शंख घेऊन. पुढे ती वाढेल तशी त्याच्या तोंडाच्या कडेला नवी भर पडत जाते. म्हणून शंखाचं निमुळतं टोक हे तिचं बालपण असतं आणि रुंद तोंड म्हणजे तिचं आजचं वय. आतून एक बळकट स्नायू तिला शंखाशी बांधून ठेवतो. ओढून बाहेर काढली तर ती फाटून मरते. रिकामा शंख शोधून त्यात राहायला जातो तो हर्मिट क्रॅब, म्हणजे एक प्रकारचा खेकडा. त्याची सवय आपण गोगलगायीच्या नावावर जमा केली आहे.

कवडीची झळाळीही प्रावारामुळेच. जिवंत कवडी आपला प्रावार दोन्ही बाजूंनी कवचावर पसरते, त्यामुळे वरचा थर सतत ताजा आणि गुळगुळीत राहतो. कवच कसं वाढत गेलं याची नोंदही त्यातच राहते. आइसलँडजवळच्या समुद्रातून २००६ साली काढलेल्या एका शिंपल्याच्या वाढीची वलयं शास्त्रज्ञांनी मोजली, तेव्हा त्याचं वय ५०७ वर्षं निघालं. शिवरायांच्या जन्माआधी सव्वाशेहून अधिक वर्षं तो समुद्राच्या तळाशी वाढू लागला होता.

मग ज्यांना कवच दिसतच नाही त्यांचं काय? माकूल आणि ऑक्टोपस यांना पुष्कळ लोक ‘मासे’ म्हणून मोकळे होतात. पण माकूल साफ करताना आतून जी पारदर्शक, लवचीक काडी निघते आणि जी पाहून नवख्याला पोटात प्लास्टिक गेल्याची शंका येते, ती काडी म्हणजेच तिचं कवच. ते उत्क्रांतीत आत गेलं आणि पातळ झालं. ऑक्टोपसाने तर तेही जवळजवळ टाकून दिलं. त्याच्या अंगात खरी कठीण वस्तू उरली ती पोपटासारखी चोच, आणि म्हणूनच तो चोच मावेल एवढ्या फटीतून निसटू शकतो.

याहून मोठा गैरसमज जडीबुटीच्या दुकानात भेटतो. तिथे ‘समुद्रफेस’ म्हणून पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तू मिळते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती वाहूनही येते. समुद्राचा फेस वाळून घट्ट झाला की ती तयार होते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते कटलफिश या माकुलीच्या भावंडाचं आतलं कवच आहे. ते आडवं कापून भिंगाखाली धरलं तर अतिशय पातळ थर आणि त्यांच्यामधल्या चिमुकल्या पोकळ्या दिसतात. जिवंतपणी त्या पोकळ्यांतलं पाणी आणि वायू यांचं प्रमाण बदलून कटलफिश पाण्यात वर-खाली तरंगतो. फेसात अशी रचना कुठून येणार? मला तर खुद्द वस्तुस्थिती त्या दंतकथेहून कितीतरी विलक्षण वाटते.

कोळंबी आणि खेकडे बाजारात तिसऱ्यांच्याच शेजारी मांडलेले असतात, पण ते मृदुकाय नव्हेत. त्यांचे पाय सांध्यांचे असतात आणि वाढताना ते जुनी कात टाकतात. मृदुकाय कधीच कात टाकत नाही.

आता मोत्याकडे येऊ. स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही कल्पना कवींनी शतकानुशतकं जपली. तिच्या जागी आता वाळूचा कण आला आहे, आणि तो शास्त्रीय समजला जातो म्हणून अधिक चिवट आहे. जरा विचार करा. पुष्कळ शिंपल्यांचं उभं आयुष्य वाळू-चिखलात जातं आणि आत आलेले कण ते सहज बाहेर टाकतात. वाळूने मोती होत असते, तर तिसऱ्यांच्या प्रत्येक वाट्यात ते सापडले असते. बहुधा घडतं ते असं, की एखादा परजीवी आत घुसतो किंवा प्रावाराला इजा होते आणि प्रावाराच्या काही पेशी आतल्या मांसात ढकलल्या जातात. त्या पेशी आपलं कवच घडवण्याचं काम तिथेही सोडत नाहीत. त्या स्वतःभोवती पिशवी करतात आणि थरावर थर चढवत राहतात. मोत्यांची शेती याच तत्त्वावर चालते. मोतीकालवात नुसता मणी ठेवून भागत नाही, त्याला लागून दुसऱ्या कालवाच्या प्रावाराचा तुकडाही बसवावा लागतो. तुतिकोरीनच्या केंद्रात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ साली हेच करून भारतात संवर्धित मोती तयार केले.

तिसऱ्यांविषयी स्वयंपाकघरातही काही ठाम समजुती आहेत. उघडी असलेली तिसरी ‘तोंड उघडून श्वास घेतेय’, म्हणून ती ताजी, असं म्हणतात. खरं तर दोन्ही शिंपा मिटून ठेवायला स्नायूंना सतत जोर लावावा लागतो, आणि बिजागरीजवळचा लवचीक बंध त्या उघडायला पाहत असतो. प्राणी मेला की स्नायू सैल पडतात आणि शिंपा आपोआप फाकतात. वाफ दिल्यावर त्या उघडतात त्या याच कारणाने. म्हणून फाकलेली तिसरी टिचकी मारल्यावरही मिटत नसेल, तर ती टाकून द्यावी. बाहेर डोकावणारी तिची ‘जीभ’ हा खरं तर पाय, ज्याने ती वाळूत रुतते. तिसरीला जीभ नाहीच, डोकंही नाही.

गोगलगाय आणि पोटात पाय असं आपण म्हणतो, पण तिचा अख्खा तळ हाच एक पाय आहे. तिच्या तोंडात किसणीसारखी खरखरीत पट्टी असते, रॅड्युला. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या रांगा असतात, आणि झिजलेल्या दातांच्या जागी मागून नवे येत राहतात. कोन-शंखांमध्ये या दातांचा विषारी भाला झाला. लक्षद्वीप किंवा अंदमानला किनाऱ्यावर नक्षीदार, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख दिसला तर तो मुळीच उचलू नये, त्यातल्या एका जातीच्या दंशाने माणसं दगावली आहेत. दुसऱ्या एका कोन-शंखाच्या विषावरून घडवलेल्या वेदनाशामकाला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

मृदुकायांचं रक्त निळं असतं हेही अर्धंच खरं. ऑक्टोपसाच्या तीन हृदयांतून वाहणारं रक्त तांब्यामुळे निळसर असतं. मात्र काही शिंपल्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, आणि ते फोडले की लाल रक्त येतं.

गैरसमजाची खरी किंमत मोजली ती मराठवाड्याने. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले. या गोगलगायी पावसाबरोबर आभाळातून पडतात किंवा मातीतून आपोआप उपजतात, असं अनेकांना वाटतं. ही मूळची पूर्व आफ्रिकेची जात १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. उन्हाळ्यात ती शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून मातीत निपचित पडून राहते आणि ओल मिळताच बाहेर येते. नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभराहून अधिक. एकदा मिलन झालं की शुक्राणू साठवून ती पुढेही अंडी देत राहते. म्हणून पेरणीनंतर कोंब खाल्लेले दिसल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पहिल्या पावसानंतर, पेरणीआधीच, संध्याकाळी किंवा भल्या पहाटे त्या वेचायला हव्यात. हातमोजे घालूनच वेचाव्यात, कारण मेंदूला इजा करणाऱ्या एका कृमीचं वास्तव्य त्यांच्यात असू शकतं. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बादलीतच माराव्यात. शेतात मीठ टाकलं तर जमीन खराब होते. आणि बांधालगतच्या भुसभुशीत मातीत साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर अंडी पुंजक्याने सापडली तर तीही नष्ट करावीत, नाहीतर काही दिवसांत तिथून नवी पिढी निघते.