पोटात दुखतंय, पण नेमकं कुठं?

पोटात अचानक कळ येऊन रुग्णालयात आलेल्या माणसाला काय झालंय, हे ओळखणं भल्याभल्या सर्जनांना घाम फोडतं. अपेंडिक्सला सूज असेल, पित्ताशयाला असेल, अल्सर फुटला असेल, आतड्यात अडथळा असेल, स्वादुपिंड बिघडलं असेल. पुष्कळदा यातलं काहीच नसतं आणि दोन दिवसांत दुखणं आपलं आपण थांबतं. निष्कारण पोट उघडलं तर रुग्णाला नाहक शस्त्रक्रिया, आणि उघडायला उशीर झाला तर अपेंडिक्स आतल्या आत फुटण्याची भीती.

इंग्लंडमधल्या लीड्स इथले सर्जन टिम डी डोम्बल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम संगणकावर सोपवून पाहिलं. तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्रसामग्री. रुग्णाला तपासताना डॉक्टरनं ठरलेली माहिती टिपून घ्यायची: दुखायला सुरुवात कुठं झाली, आता कुठं दुखतंय, हालचाल केली की वाढतं का, उलटी झाली का, भूक कशी आहे, पूर्वी असं कधी झालं होतं का, पोट दाबून हात सोडला की कळ येते का. उत्तरं संगणकात गेली की सात संभाव्य निदानांपैकी कुठल्याची शक्यता किती, हे तो आकड्यांत सांगायचा. १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापून आले. ३०४ रुग्णांमध्ये संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर निघालं होतं. रुग्ण पाहणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के वेळा.

मोबाइलवर ‘तुम्हाला काय होतंय?’ असं विचारणारी आजची एआय साधनं या प्रयोगाच्या वंशातली. वारसा सांगताना सगळे तो ९१.८ चा आकडा सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती १९७४ साली त्याच गटानं नोंदवलेली गोष्ट. प्रयोग चालू होता त्या काळात डॉक्टरांची स्वतःची निदानंही सुधारली होती. प्रयोग संपला आणि ती पुन्हा घसरू लागली. प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न, एकही न गाळता विचारावे लागणं आणि आपलं उत्तर बरोबर आलं की चुकलं हे मागाहून कळणं, एवढ्यानंच माणसं सुधारली होती. पुढं ब्रिटनमधल्या आठ ठिकाणी १६ हजारांहून अधिक रुग्णांवर हीच पद्धत वापरून पाहिली गेली. १९८६च्या अहवालानुसार सुरुवातीच्या निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली आणि व्यर्थ ठरणाऱ्या शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्या झाल्या. सार्वजनिक आरोग्यसेवेला हवा असतो तो असा फायदा. यात डॉक्टर आणि यंत्र यांची कुस्ती लावायची गरजच पडत नाही.

संगणकामागचं गणित जुनंच होतं, अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांचं. आधी पाहायचं की अमुक आजार या भागात, या दिवसांत किती आढळतो. मग रुग्णाच्या प्रत्येक उत्तरानुसार ती शक्यता वरखाली करत न्यायची. समजा एका तरुणाला ताप आहे, अंग मोडून आलंय, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल आहेत. हिवाळ्यात लंडनमध्ये असं कुणी आलं तर डॉक्टरच्या मनात आधी फ्लू येईल. मुंबईत जुलैमध्ये आलं तर कुठलाही जाणता डॉक्टर विचारेल, ‘गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चाललात का? पायाला जखम होती का?’ २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईनं लेप्टोस्पायरोसिसची साथ पाहिली आहे. तेव्हापासून हा प्रश्न इथल्या डॉक्टरांच्या तोंडी बसलाय. लंडनमधल्या नोंदींवर पोसलेल्या यंत्राला तो सुचेलच याची हमी नाही. लीड्सची पद्धत कोपनहेगनला नेली तेव्हाही तिची अचूकता बरीच उतरली होती, आणि लीड्स-कोपनहेगन हे अंतर लीड्स-कुर्ल्याच्या मानानं काहीच नाही.

या गणितात आणखी एक गोम आहे, आणि ती ब्रिटनमध्येच चव्हाट्यावर आली. बॅबिलॉन हेल्थ या लंडनच्या कंपनीनं २०१७च्या अखेरीस तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या चौकटीत ‘जीपी ॲट हँड’ ही सेवा सुरू केली. मोबाइलवर लक्षणं सांगा, चॅटबॉट सल्ला देईल, लागलंच तर व्हिडिओवर डॉक्टर भेटेल. मात्र नाव नोंदवताना आपल्या वस्तीतला फॅमिली डॉक्टर सोडावा लागे. नोंदणी झाली ती मुख्यतः तरुण, धडधाकट लोकांची. ब्रिटनमध्ये दवाखान्याला पैसे मिळतात ते नोंदलेल्या माणसांच्या हिशेबानं, तेव्हा कमी दुखणाऱ्यांनी काढता पाय घेतल्यावर म्हाताऱ्या, जुनाट आजारांच्या रुग्णांसह मागं उरलेल्या दवाखान्यांनी कुरकुर केली तर नवल नाही. तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक स्वतः या सेवेचे नोंदणीकृत रुग्ण होते आणि ते जाहीरपणे सांगतही.

जून २०१८मध्ये कंपनीनं गाजावाजा करून दावा केला की फॅमिली डॉक्टर होण्यासाठीच्या परीक्षेतल्या नमुना प्रश्नांत आपल्या एआयनं ८१ टक्के गुण मिळवले. त्याआधीच्या पाच वर्षांत उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे सरासरी गुण होते ७२. फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं लगेच हरकत घेतली. दुसरीकडे डेव्हिड वॉटकिन्स हे कर्करोगतज्ज्ञ ‘डॉ. मर्फी’ या टोपणनावानं ट्विटरवर चॅटबॉटच्या चुकांच्या चित्रफिती जमवत होते. २०१९मध्ये गाजलेलं एक उदाहरण असं: साठीला टेकलेली, धूम्रपान करणारी व्यक्ती, छातीत अचानक दुखू लागलंय, मळमळतंय. ही व्यक्ती पुरुष आहे असं सांगितलं तर चॅटबॉट हृदयविकाराची शंका घेऊन रुग्णालयात जायला सांगे. स्त्री आहे म्हटलं की घाबरल्यामुळं किंवा नैराश्यामुळं असं होत असावं, असं उत्तर येई.

साथरोगशास्त्राच्या आकडेवारीत हे उत्तर बसतं, असं समर्थन करता येतं. त्या वयाच्या बायकांमध्ये पुरुषांच्या मानानं हृदयविकार कमी आढळतो. पण तपासायला बसलेला डॉक्टर केवळ ‘सर्वांत संभाव्य काय’ एवढंच मोजत नाही. ‘यातलं काय सुटलं तर माणूस जाईल’ हा हिशेब तो आधी करतो. शंभरात पाचच जणींना हृदयविकार असला तरी त्या पाचजणींसाठी ईसीजी काढावाच लागतो. शक्यता मोजणं यंत्राला जमतं. धोक्याला किती वजन द्यायचं हे कुणीतरी माणसानं ठरवून द्यावं लागतं. वॉटकिन्स यांना कंपनीनं जाहीरपणे ‘ट्रोल’ म्हटलं. २०२१मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली तेव्हा तिचं मोल सुमारे ४.२ अब्ज डॉलर धरलं गेलं होतं. ऑगस्ट २०२३मध्ये ती कोसळली आणि ब्रिटनमधला धंदा सुमारे पाच लाख पौंडांना विकला गेला. रवांडामध्येही तिनं सरकारी आरोग्यविम्याशी जोडलेली, लाखो लोकांनी नाव नोंदवलेली सेवा उभी केली होती; कंपनीबरोबर तीही गेली. सरकारी सेवेचा दरवाजा खासगी कंपनीच्या हाती दिला की तिच्या ताळेबंदाबरोबर तोही बंद होऊ शकतो.

धोक्याचं वजन उलट्या बाजूलाही झुकतं. २०१५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच हार्वर्डच्या संशोधकांनी लक्षणं तपासणाऱ्या २३ साधनांची चाचणी प्रसिद्ध केली. तातडीच्या प्रकरणांत साधारण ८० टक्के वेळा सल्ला योग्य निघाला. मात्र घरीच बरं होण्याजोग्या प्रकरणांत जेमतेम ३३ टक्के वेळा. म्हणजे साधं सर्दी-पडसं असलं तरी ‘डॉक्टरांना दाखवा’. असं सांगून टाकण्यात साधन विकणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते रुग्णाचं: एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत अर्धा दिवस. आणि त्याच रांगेत खरोखर अत्यवस्थ असलेल्याचा नंबर मागं पडतो.

ही सगळी जुन्या पिढीची साधनं झाली, आता चॅटजीपीटीसारखी मॉडेल्स आली आहेत, असं कुणी म्हणेल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ लोकांवर त्यांचीही परीक्षा घेतली. निष्कर्ष २०२५मध्ये जाहीर झाले. डॉक्टरांनी लिहून दिलेली दहा काल्पनिक दुखणी होती. ती थेट मॉडेलला दिली तेव्हा त्यानं ९४.९ टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. तीच दुखणी सामान्य माणसांना देऊन ‘मॉडेलशी बोलून ठरवा’ म्हटल्यावर हे प्रमाण ३४.५ टक्क्यांच्याही खाली आलं. आपल्या नेहमीच्या पद्धतीनं शोध घेणाऱ्या गटापेक्षा ही माणसं सरस ठरली नाहीत. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या प्रसंगात दोघांनी जवळपास सारखंच वर्णन लिहिलं. एकाला तातडीनं उपचार घ्या असा सल्ला मिळाला, दुसऱ्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा.

मॉडेलला आजारांची माहिती होती. लोकांना काय सांगायचं आणि काय गाळलं तरी चालेल हे माहीत नव्हतं, आणि मॉडेलनं ते खणून काढलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात हे रोज घडतं. बाई येते आणि म्हणते, ‘लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ पाळी, जेवण, ताप, झोप असं करत करत चौथ्या-पाचव्या प्रश्नाला कळतं की पंधरा दिवस खोकला आहे आणि संध्याकाळी अंग तापतं. मग थुंकीची तपासणी. हा चौथा-पाचवा प्रश्न विचारायला समोर कुणीतरी असावं लागतं, ज्याला तिचा चेहरा दिसतो, पदराआडचा खोकला ऐकू येतो.

म्हणून भारतात ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेनं घेतलेली वाट मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. सी-डॅकच्या मोहाली केंद्रानं बांधलेल्या या व्यवस्थेच्या एका प्रकारात रुग्ण उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसतो. पलीकडे पडद्यावर डॉक्टर असतो. रुग्णाची तक्रार ठरावीक प्रश्नांतून नोंदवून संभाव्य निदानं सुचवणारी एआयची जोड तिला गेल्या काही वर्षांत मिळाली आहे. यंत्र सुचवतं, डॉक्टर ठरवतो, आणि प्रश्न विचारणारं माणूस रुग्णाजवळ असतं. लीड्सच्या मांडणीच्या हे बरंच जवळ आहे. अडचण पुढं आहे. ‘तातडीनं रुग्णालयात जा’ हा सल्ला शंभर टक्के अचूक असला, तरी गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा पूल पाण्याखाली गेला असेल तर त्याचं करायचं काय?

गडचिरोलीतच याचं एक उत्तर शोधलं गेलं होतं, आणि त्यात संगणक नव्हता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, हे त्यातलं मुख्य लक्षण. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ आणि वर्षाच्या आतल्या बाळात पन्नास ही धोक्याची रेषा. पण ज्या सुईणींना दहा-बाराच्या पुढं मोजता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं गेलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात लाल मण्यावर आला तर न्यूमोनिया. वयानुसार मण्यांची ओळ वेगळी.

लाल मण्यापाशी पोचलेल्या सुईणीला पुढं कुणाला विचारत बसावं लागत नव्हतं. त्या प्रयोगात कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक गावातल्या या लोकांच्याच हाती दिलेलं होतं आणि ते देण्याची मुभाही. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं १७.५ मुलं न्यूमोनियानं दगावली होती. प्रयोगातल्या गावांत ८.१.