हाडांनाही लोहाचा हिशेब लागतो

‘लोह रक्तासाठी, कॅल्शियम हाडांसाठी’ ही वाटणी मुंबईतल्या कांजूरमार्गच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ऐकू येते. शरीर ती मानत नाही. हाडातलं कोलॅजन पक्कं विणणाऱ्या विकरांना लोह लागतं आणि ड जीवनसत्त्व वापरण्याजोगं करणाऱ्या विकरांनाही.

मग भरपूर लोह घ्यावं, असं वाटणं अधिक घातक. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. म्हणून आतडं रोज एक-दोन मिलिग्रॅमच आत घेतं. त्यावर पहारा असतो यकृतात बनणाऱ्या हेप्सिडिनचा. साठा वाढला की ते फेरोपोर्टिन हे लोहाचं दार बंद करतं. हा पहारा ढळला, तर साचलेलं लोह हाड बांधणाऱ्या पेशींना दुबळं करतं आणि हाड झिजवणाऱ्यांना बळ देतं. लोहाची पातळी ओळखणारं ‘ट्रान्सफेरिन रिसेप्टर 2’ तर हाडांच्या पेशींतही काम करतं: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे प्रथिन नसलेल्या उंदरांची हाडं अधिक भरीव निघाली.

साचलेल्या लोहाची सगळ्यात मोठी किंमत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची मुलं मोजतात. रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं, आणि पिशव्या जन्मभर लागतात. लोह पिट्यूटरी ग्रंथीत साचतं, वयात येणं लांबतं, उंची खुंटते. फुगलेल्या अस्थिमज्जेमुळे हाडं पातळ होतात ती वेगळीच. पूर्वी हे लोह काढायला पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून रात्रभर पंप चालवावा लागे. 1990च्या दशकात मुंबईच्याच सिप्लाने डेफेरिप्रोनची गोळी आणली. सुईच्या धास्तीतल्या घरांना तो केवढा दिलासा होता!

‘हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी’ हेही नेहमीच खरं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अनेकींना लोहाची खरीच कमतरता असते. त्यांनी गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण थॅलेसेमिया मायनर असलेल्यांचं, म्हणजे या आजाराच्या वाहकांचंही हिमोग्लोबिन थोडं कमी आणि लाल पेशी लहान असतात. सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत हे वाहक अधिक आढळतात, आणि कांजूरमार्गपासून तिसऱ्या स्थानकावरच्या मुलुंडमध्ये ही वस्ती मोठी आहे. वर्षानुवर्षं लोह खाऊनही आकडा हलत नसेल, तर फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचबीएटू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) या तपासण्या करून घ्याव्यात. अंगात सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं; तसं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. पती-पत्नी दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते; ही तपासणी लग्नाआधीच झालेली बरी.