उंच गाडी की बैठी गाडी? केळीपट्ट्यातील व्यापाऱ्यांसाठी

यावल, फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात धंद्यातून चार पैसे सुटले की घरात मोठ्या गाडीचा विषय निघतो. पूर्वी अँबेसेडर घ्यावी की जीप, असा वाद असे. १९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि कुटुंबकबिल्यासह लग्नाला जाणाऱ्यांनी ती उचलून धरली. आज प्रश्न असतो फॉर्च्युनरसारखी उंच एसयूव्ही घ्यावी की कॅमरीसारखी बैठी सेडान. गाडी दारात शोभावी असे वाटण्यात गैर काही नाही, पण शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची, हा हिशेब व्यापाऱ्याचा नव्हे.

आमच्या मते पहिला प्रश्न असा विचारावा, की वर्षभरात गाडी कोठे धावणार? केळीच्या बागेपर्यंत, गाडरस्त्याने, पावसाळ्यात चिखलातून जाणे रोजचे असेल तर उंच गाडीला पर्याय नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या खड्ड्यांचा अनुभव वाचकांना सांगायला नको. सेडानचे पोट अशा ठिकाणी घासते. मात्र ज्यांचे जाणे-येणे भुसावळ, जळगाव आणि पुढे महामार्गाने नाशिक-मुंबईकडे असते, त्यांनी केवळ उंचीसाठी पैसे मोजू नयेत.

सेडान जमिनीलगत असते, तिचा भार खाली राहतो. त्यामुळे वळणावर ती कमी कलते आणि वेगात रस्ता धरून चालते. फॉर्च्युनरचा सांगाडा ट्रकसारख्या चौकटीवर उभा आहे; ओझ्याला, खडकाळ वाटेला तो उत्तम, पण मागच्या बाकावरील माणसाला सहा तासांच्या प्रवासात हिसके जाणवतात. शिरपूरच्या पुढे बिजासन घाट उतरताना हा फरक चालकाच्याही ध्यानात येतो. घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे हीही बाब आहे. उंच गाडीत चढताना त्यांना हात द्यावा लागतो, तर सेडानमध्ये बसणे सोपे पण उठणे अवघड. अगदी शेवटच्या बाकावर तर मुलांनीच बसावे.

आता हिवाळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो, केळीचा घड अडखळतो आणि पहाटे तापीकाठी धुके दाटते. नेमक्या याच वेळी व्यापाऱ्याला कटाईसाठी, ट्रक भरण्यासाठी घर सोडावे लागते. उंच बसल्याने धुक्यात जास्त दिसते, हा समज चुकीचा आहे. चारही चाकांना जोर देणारी गाडी चिखलातून निघेल, पण ब्रेक दाबल्यावर लवकर थांबेल असे नाही. दोन टनांहून जड गाडीला थांबायला उलट जास्त अंतर लागू शकते. धुक्यात दिवे खालच्या झोतावरच ठेवावेत. आतून काच धुरकटली तर एसी लावावा, तो हवेतील दमटपणा शोषतो. तापमान ५-६ अंशांनी उतरले की टायरमधील हवा सुमारे १ पौंडाने घटते. मेच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे पुरेल असे समजू नये.

पैशाचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर, उंच असो वा बैठी, ४० टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी सेससह मोठ्या एसयूव्हीवर ५० आणि मोठ्या सेडानवर ४८ टक्के पडत असे. चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर मात्र १८ टक्केच. अनेक बांधव पावती पेढीच्या नावे करून जीएसटी परत मिळेल अशा भरवशावर राहतात. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर तो मिळत नाही. मालवाहू गाडीवर मिळतो. धंद्यासाठी वापर असेल तर आयकरात घसारा धरता येतो, तेवढाच आधार.

व्याज टाळणारे आपले पुष्कळ वाचक रोखीने जुनी गाडी घेतात. तेथे उंच गाडीची बाजू भक्कम आहे, कारण तिचे बरेचसे काम आपल्या भागातील मिस्त्री करू शकतो. महागड्या जुन्या सेडानचे इलेक्ट्रॉनिक भाग बिघडले की कंपनीच्या वर्कशॉपशिवाय गत्यंतर नाही. बऱ्हाणपूर वा गुजरातेतून गाडी आणणार असाल तर तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हे खर्च सौद्याच्या आधीच धरावेत. चक्कर मारून पाहताना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर भागवू नये. घरच्या मोठ्यांना मागे बसवून आपल्या नेहमीच्या वाटेने, जमल्यास पहाटे, गाडी चालवून पाहावी.