सटाण्याहून संगीताच्या पदवीकडे

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातले कवळाणे सटाण्याहून फार लांब नाही. तिथल्या गायकवाडांच्या घरातला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. १८८६ मध्ये याच सयाजीरावांनी गायक मौलाबक्ष यांच्या हाती सूत्रे देऊन बडोद्यात संगीताची शाळा काढली. गुरूच्या घरी राबून, त्याची मर्जी सांभाळून गाणे मिळवायचे, असा तो काळ होता. तीच शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा आहे. म्हणजे गाणे वर्गात बसून शिकता यावे, या खटपटीत कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. तरीही आज सटाण्यातल्या एखाद्या मुलीने बारावीनंतर संगीतात पदवी करायची म्हटले, की डाळिंबाच्या भावापेक्षा बेभरवशाचे काहीतरी पोर निवडते आहे असे घरच्यांना वाटते. त्यांची काळजी खोटी नाही. पण ती बऱ्याचदा चुकीच्या गोष्टीची असते. पोट भरेल का, हे सगळे विचारतात. कोणता कागद कोणत्या कामाला चालतो, हे फारसे कोणी विचारत नाही.

विशारद म्हणजे पदवी नव्हे

तालुक्याच्या गावी संगीत शिकणारा मुलगा बहुधा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९३१ मध्ये ते गेल्यावर शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. पलुस्करांची उत्तरायुष्यातली बरीच वर्षे नाशिकला रामनाम आधाराश्रमात गेली आणि त्यांचे चिरंजीव, पुढे गायक म्हणून गाजलेले द. वि. पलुस्कर, यांचा जन्मही १९२१ मध्ये नाशिकचाच. तेव्हा ही परीक्षापद्धत आपल्या जिल्ह्याला परकी नाही.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत; त्यापुढे अलंकार. वर्षाला एक परीक्षा धरली, तर पाचवीत सुरुवात करणारे मूल अकरावीत विशारद होते. मधल्या काळात दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात. क्लासमधली गर्दी बरीचशी या गुणांमुळे असते आणि दहावी झाली की निम्म्या पेट्या आणि तबले माळ्यावर जातात, हेही सांगून टाकतो.

घोटाळा इथे होतो. विशारदचे प्रमाणपत्र मंडळाचे असते, विद्यापीठाचे नसते. काही जाहिरातींत ते पदवीच्या तोडीचे धरतात, काहींत धरत नाहीत. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर नेट किंवा सेट, हा सरळ रस्ता आहे. ‘विशारद झाले म्हणजे बी. ए. झाल्यासारखेच’ हे वाक्य क्लासमध्ये सर्रास ऐकू येते. त्यावर विसंबू नये. ज्या जागेसाठी अर्ज करायचा, तिथली पात्रतेची अट अक्षरशः वाचावी. मला विचाराल तर दोन्ही करावे. गावात असेपर्यंत विशारद, बारावीनंतर पदवी.

कुठे जावे लागते

सटाण्यात कला, वाणिज्य, विज्ञान शिकायची सोय आहे. मात्र संगीत हाच मुख्य विषय घ्यायचा तर बहुतेकांना घर सोडावेच लागते.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. नाटककार सतीश आळेकर तिथे बरीच वर्षे प्रमुख होते. केंद्राचे नाव घेतानाच लोक ‘गुरुकुल’ म्हणतात, कारण तिथे वर्गातल्या तासांबरोबर नामवंत कलाकाराकडे प्रत्यक्ष तालीम, अशी रचना आहे. संगीत, नृत्य आणि नाटक शेजारी-शेजारी शिकवले जाते, हा तिथला मोठा फायदा. गाणाऱ्या पोराला रंगमंचावरचा प्रकाश, हालचाल, उच्चार यांची जाण येते ती अशा शेजारातून.

मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे आणि लोककलांसाठी वेगळी लोककला अकादमीही आहे. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठाचे विभाग मुंबई-पुण्यात आहेत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विभाग आहे. महाराष्ट्राबाहेर बडोदा आहेच. छत्तीसगडमध्ये खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून चालू आहे. तिथल्या राजघराण्याने राजकन्या इंदिरेच्या स्मरणार्थ आपला राजवाडाच विद्यापीठाला दिला.

तीन-चार वर्षांत काय मिळते, काय मिळत नाही

पदवीच्या तीन-चार वर्षांत कोणी गवई होत नाही. गळा कसदार व्हायला, हात बसायला त्याहून कितीतरी जास्त वर्षे लागतात. म्हणून बारावीनंतर कोरी पाटी घेऊन जाणाऱ्याचे हाल होतात. प्रवेशाच्या चाचणीत एखादा राग गायला सांगतात, सूर आणि लय पाहतात, तालाचे ठेके हातावर धरायला लावतात. आधीची पाच-सहा वर्षांची बैठक नसेल तर इथेच अडते.

मग विद्यापीठ देते काय? एक म्हणजे शास्त्र. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून बंदिशी टिपल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि स्वरलिपी तयार केली. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही सयाजीरावांच्या बडोद्यात. ही मांडणी, तिच्यावरचे आक्षेप, घराण्यांचा इतिहास, नाट्यसंगीत, लोकसंगीत हे सगळे अभ्यासक्रमात येते. गाण्याबद्दल चार माणसांसमोर नीट बोलता आणि लिहिता येणे, हे कसब पुढे रियाजाइतकेच उपयोगी पडते.

दुसरे म्हणजे संगत. सटाण्यात चांगला तबलजी मिळाला तर एखादा. विद्यापीठात तबल्याचा अख्खा वर्ग शेजारी असतो. आठवड्याला निरनिराळ्या हातांबरोबर गावे लागते, चुका लगेच उघड्या पडतात. शिवाय शहरातल्या मैफली. पुण्यात १९५३ पासून चालणारा सवाई गंधर्व महोत्सव ऐकायला मिळणे, हा अभ्यासक्रमाबाहेरचा पण महत्त्वाचा तास आहे.

नोकरी: शाळा, महाविद्यालय, आकाशवाणी

पगाराची नोकरी हवी असेल तर सगळ्यात ठोस जागा शाळेतल्या. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक शिक्षक (संगीत) हे पद आहे. त्याला बारावीला किमान ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. जवाहर नवोदय विद्यालयातही संगीत शिक्षक असतो. खासगी इंग्रजी शाळा संगीत शिक्षक ठेवतात, पण तिथला पगार शाळागणिक बदलतो आणि स्नेहसंमेलन जवळ आले की नाच, नाटक, ध्वनिक्षेपक सगळे त्याच्याच गळ्यात पडते.

महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. आकडा चांगला आहे. जागा मात्र मोजक्या निघतात, आणि नेट झालेली कित्येक मुले वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. फक्त याच जागेवर डोळा ठेवून संगीत घेऊ नये, असे माझे मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत एक दुसरे दारही आहे. नावाजलेल्या गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा आणि पदवीधर असलेला कलाकार नेटशिवायही सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरू शकतो. तालीम आणि पदवी दोन्ही सांभाळली तर असा फायदा होतो.

आकाशवाणीची श्रेणी म्हणजे नोकरी नव्हे, हेही नीट समजून घ्यावे. ध्वनिचाचणी दिली की बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणींपैकी एक मिळते, त्या श्रेणीनुसार कार्यक्रम आणि मानधन मिळते. आकाशवाणीच्या पैशांवर आज घर चालत नाही. पण पत्रिकेवर ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ छापता येते आणि गावोगावचे आयोजक ते पाहतात.

एकाच माणसाने हे सगळे करणे शक्य आहे का, असे वाटत असेल तर गायिका प्रभा अत्रे आठवाव्यात. विज्ञान आणि कायद्याची पदवी, संगीतात डॉक्टरेट, काही वर्षे आकाशवाणीत नोकरी, पुढे एसएनडीटीत संगीत विभागाच्या प्रमुख, आणि या सगळ्यात मैफली, बंदिशी, पुस्तके. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक होते. पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत संशोधन करताना त्यांनी लोकसंगीतालाही शास्त्रीय संगीताइतकेच गंभीरपणे घेतले.

मांडवाखालचे आणि स्टुडिओतले काम

शहरी करिअर मार्गदर्शनात ज्याचा उल्लेखही नसतो, असे एक क्षेत्र बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या तालुक्यात, भरभराटीला आलेले आहे: हरिनाम सप्ताह. कीर्तनकाराच्या मागे उभे राहायला गायनाचार्य लागतो, मृदंगमणी लागतो. सप्ताहांचा हंगाम लागला की चांगल्या पखवाजवाल्याला तारखा पुरत नाहीत. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केली. तिथून शिकून आलेली मुले खेड्यापाड्यांत दिसतात. ज्याची बैठक शास्त्रीय आहे आणि ज्याला अभंगाची चाल वेगवेगळ्या रागांत बांधता येते, त्याला इथे मान आणि बिदागी दोन्ही आहेत.

लग्नसराईतला खान्देशी बँड आणि अहिराणी गाणी हे दुसरे क्षेत्र. बँजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड वाजवणाऱ्यांना काम मिळते, आणि अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर मोठा श्रोता आहे. त्यांतली बरीच गाणी एकाच ठेक्यावर आणि दोन-तीन चालींवर फिरतात, ही माझी तक्रार आहे. पण म्हणूनच शिकलेल्या संगीत संयोजकाला इथे वाव आहे. ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, प्रोग्रॅमिंग यांची गोडी असेल तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयसारख्या संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम करता येतो. स्वर ओळखणारा कान आणि यंत्र हाताळणारा हात एकाच माणसाकडे असणे दुर्मीळ आहे.

वाद्यांच्या कामाला तर माणसेच मिळत नाहीत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावणारा, पेटीचे सूर मिळवणारा कारागीर तालुक्याच्या गावी शोधून पाहा, म्हणजे ही उणीव कळेल.

मुल्हेरचा रास कोण लिहून ठेवणार?

सटाण्याच्या मुलाकडे पुण्या-मुंबईच्या मुलाकडे नसलेली एक गोष्ट असते. ताहाराबादच्या पुढे मुल्हेरला उद्धव महाराजांच्या मठात कोजागरीला रासक्रीडा होते. केळीच्या पानांनी-फुलांनी सजवलेले रासचक्र सूर्यास्ताच्या सुमाराला वर चढवतात आणि मग रात्रभर पदे गायली जातात. पदांची भाषा एक नाही, चालीही तोंडी चालत आलेल्या. तालुक्याच्या पश्चिमेला आदिवासी पट्ट्यात पावरी आणि संबळ वाजतात. यांची स्वरलिपी करणे, नीट ध्वनिमुद्रण करून ठेवणे, कोणती चाल कोणत्या रागाच्या जवळ जाते ते तपासणे हे पीएच. डी. चे अस्सल विषय आहेत. लोककला अकादमीत किंवा संगीत विभागात असा विषय घेऊन जाणाऱ्याला सामग्री शोधत भटकावे लागत नाही. ज्यांच्याकडे पदे आहेत ती माणसे त्याच्या ओळखीची, त्याची अहिराणी त्यांच्याच घरातली.

गाण्याचे हक्क

स्वतः गाणे बांधणाऱ्या मुलांना हक्कांबद्दल एकच सांगायचे: हक्क कोणाला आणि कशासाठी देतो आहोत हे कागदावर यावे. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार स्वामित्वधनातला आपला वाटा सोडून देऊ शकत नाही. तसा करार केला तरी तो ग्राह्य धरला जात नाही. हे पैसे गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे आणि तिचे सभासद होता येते. हाती पाच-दहा हजार घेऊन गाणे कायमचे देऊन टाकणाऱ्या पोरांना हे ठाऊक नसते. पदवीच्या अभ्यासक्रमातही या विषयाला पुरेशी जागा नाही.

अर्ज भरण्याआधी

मूल दहा ते चौदा वर्षांचे असेल तर सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची (सीसीआरटी) सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती पाहावी. अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी केंद्र सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. तिला मुलाखत आणि प्रात्यक्षिक असते, आणि गुरूचे पत्र लागते. म्हणून आपण कोणाकडे, केव्हापासून शिकतो याची नोंद सुरुवातीपासून ठेवावी.

प्रवेशचाचणीला जाताना पाच राग वरवर करण्यापेक्षा दोन पक्के करावेत. विलंबित आणि द्रुत दोन्ही बंदिशी, आलाप-तानांसह. यमन आणि भूप सगळेच गातात, तिसरा एखादा हाताशी असलेला बरा. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज करणाऱ्यांनी महिनाभर तरी खऱ्या तंबोऱ्याशी गळा जुळवून पाहावा. पट्टी स्वतःची ठाऊक असावी, कारण परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. आणि रासातले पद किंवा घरातली ओवी येत असेल तर ती गायला लाजू नये.